‘पृथ्वी फिरताना पाहायला या’: फूकोच्या लंबकाच्या जाहीर प्रयोगाचा प्रकरण अभ्यास

१८५१ सालच्या फेब्रुवारीच्या आरंभी पॅरिसमधील काही विद्वानांच्या हाती एक चिठ्ठीवजा निमंत्रण पडले. उद्या तीन ते पाच या वेळात वेधशाळेच्या मध्यान्हरेषेच्या दालनात यावे आणि पृथ्वी फिरताना पाहावी, एवढाच त्याचा आशय होता. निमंत्रण देणारे लेओं फूको त्या वेळी ३१ वर्षांचे होते. ते कोणत्याही विद्यापीठात प्राध्यापक नव्हते आणि फ्रान्सच्या विज्ञान अकादमीचे सदस्यही नव्हते. मार्चअखेरीस हाच प्रयोग वेधशाळेतून निघून पॅरिसच्या पँथिऑन या भव्य वास्तूच्या घुमटाखाली आला, आणि ज्यांना गणिताचे एक अक्षर येत नव्हते असे लोकही कठड्याभोवती उभे राहून तो पाहू लागले.

लांब तारेला टांगलेला जड गोळा झुलत ठेवला, की पृथ्वीच्या फिरण्यामुळे त्याच्या झोक्याची दिशा हळूहळू वळत जाताना दिसते. या लंबकाचे गणित महाविद्यालयीन पुस्तकांत मिळते. एका अदृश्य गोष्टीचा जाहीर प्रयोग कसा रचला गेला, त्यातले काय प्रेक्षकांपर्यंत पोहोचले आणि काय वाटेतच राहिले, हे पाहणे हा या टिपणाचा विषय आहे. सामान्य लोकांसमोर विज्ञानाचे मनोरंजक प्रयोग करणाऱ्यांना या प्रकरणातून घेण्यासारखे बरेच आहे, आणि त्यातले पुष्कळसे प्रेक्षकांना न दिसणाऱ्या भागात आहे.

दाखवायचे काय होते

१८५१ साली युरोपात सुशिक्षित माणसाला पृथ्वी स्वतःभोवती फिरते याविषयी शंका उरलेली नव्हती. आपल्याकडे तर आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारासच नावेचा दाखला देऊन ठेवला होता. पुढे चाललेल्या नावेत बसलेल्या माणसाला काठावरच्या अचल वस्तू जशा मागे जाताना दिसतात, तसे लंकेच्या, म्हणजे जुन्या ज्योतिषात विषुववृत्तावर मानलेल्या, ठिकाणाहून अचल तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात, असे तो सांगतो. पुढच्या भाष्यकारांना मात्र हे पचले नाही आणि त्यांनी त्या श्लोकाचे नाना अर्थ लावले. दाखला कितीही सुंदर असला तरी तो पटवतो, दाखवत नाही. तारे फिरतात की आपण, हा प्रश्न आकाशाकडे बघून सुटत नाही, कारण दोन्ही पक्षी आकाश तेच दिसते.

जमिनीवरचा पुरावा शोधण्याचे प्रयत्नही झालेले होते. उंचावरून सोडलेली वस्तू ओळंब्याच्या रेषेत न पडता किंचित पूर्वेला पडली पाहिजे, हे ओळखून १८३१ साली फर्डिनांड राइश याने जर्मनीत फ्रायबर्गच्या खाणीत सुमारे १५८ मीटर खोल गोळ्या सोडल्या आणि त्या सरासरी २८ मिलिमीटर पूर्वेला पडल्याचे मोजले. प्रयोग म्हणून हे काम नेटके होते. पण खाणीच्या तळाशी कितीतरी गोळ्या विखरून पडणार, त्यांची सरासरी काढायची, आणि त्यातून बोटाच्या पेराएवढे अंतर निघणार. हे चार लोकांना बोलावून दाखवण्यासारखे नव्हते. फ्रान्समध्ये प्वासाँसारख्या मोठ्या गणितज्ञाने तोफगोळ्यांच्या वाटेवर पृथ्वीच्या फिरण्याचा काय परिणाम होतो याचा हिशेब मांडला होता, आणि लंबकाचा विषय मात्र परिणाम नगण्य असेल म्हणून सोडून दिला होता. एका झोक्यापुरते ते खरेच आहे. तोच परिणाम प्रत्येक झोक्यात एकाच बाजूला साचत जातो, ही गोष्ट त्याच्या नजरेतून निसटली. त्याच्याही आधी, सतराव्या शतकात, फ्लॉरेन्समध्ये गॅलिलिओचा शिष्य विव्हियानी याने आपले लंबक नेहमी एकाच बाजूला सरकतात असे टिपून ठेवले होते, पण त्याचा पृथ्वीशी संबंध जोडला नव्हता.

रंगमंचाची सवय असलेला माणूस

फूको वैद्यक शिकायला गेला होता, पण रक्त पाहणे सोसेना म्हणून त्याने ते शिक्षण सोडले. सूक्ष्मदर्शकाच्या वर्गात तो प्राध्यापक दोने यांचा मदतनीस होता. पुढे त्यांच्याच जागी तो ‘जुर्नाल दे देबा’ या दैनिकासाठी अकादमीच्या बैठकांचे वृत्तान्त लिहू लागला. फिझो या भौतिकशास्त्रज्ञाबरोबर त्याने १८४५ साली सूर्याचे छायाचित्र घेतले. विजेच्या कमानदिव्यातील कोळशाच्या कांड्या जळून झिजल्या तरी प्रकाश स्थिर राहावा अशी योजना त्याने केली होती, आणि १८४९ साली पॅरिसच्या ऑपेरात रंगमंचावर सूर्योदय दाखवण्यासाठी असाच दिवा वापरला गेला.

हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. पृथ्वीचे परिवलन लोकांसमोर मांडणारा माणूस आधी सामान्य वाचकांसाठी लिहिणारा वार्ताहर होता आणि नाटकगृहातील प्रेक्षक कोठे बसतो, त्याला काय दिसते, याची त्याला जाण होती. पृथ्वी फिरते याचा पुरावा पाहायला या, असे लिहिणारे पुष्कळ मिळाले असते. पृथ्वी फिरताना पाहायला या, हे शब्द सुचायला वृत्तपत्रात काम केलेले असावे लागते.

तळघरातला लंबक

कल्पनेचा उगम एका लेथवर झाला, असे फूकोच्या लेखनावरून दिसते. लेथच्या, म्हणजे धातू कातण्याच्या यंत्राच्या, चकमध्ये (फिरत्या पकडीत) एक पोलादी सळई घट्ट धरलेली होती. तिला टिचकी मारून कंप दिला आणि चक हाताने फिरवला, तरी सळई ज्या दिशेत थरथरत होती त्याच दिशेत थरथरत राहिली. आधार फिरतो, पण कंपाची दिशा त्याच्यामागे जात नाही. मग सळईच्या जागी लंबक आणि चकच्या जागी पृथ्वी ठेवली तर?

द’आसास रस्त्यावरील आपल्या घराच्या तळघरात त्याने दोन मीटर लांबीच्या पोलादी तारेला पाच किलोचा पितळी गोळा टांगला. ३ जानेवारी १८५१ च्या पहिल्या खटपटीत तार तुटली. ८ जानेवारीच्या मध्यरात्रीनंतर दोन वाजता, रस्त्यावरची वर्दळ पूर्ण थांबलेली असताना, लंबक आकाशाच्या दैनिक गतीच्या दिशेने वळला, अशी नोंद त्याच्या टिपणवहीत आहे. त्यानंतर वेधशाळेचे प्रमुख फ्रान्स्वा आरागो यांनी दालन उपलब्ध करून दिले. तेथे तारेची लांबी ११ मीटर झाली आणि ३ फेब्रुवारीला अकादमीपुढे निवेदन सादर झाले. फ्रान्सचा तत्कालीन अध्यक्ष लुई-नेपोलियन बोनापार्ट याला विज्ञानाची आवड होती आणि लोकांना दिपवणाऱ्या गोष्टींचीही. पँथिऑनमध्ये प्रयोग व्हावा, असा हुकूम त्याने दिला.

घुमटाखाली

पँथिऑनच्या घुमटापासून जमिनीपर्यंत ६७ मीटरची तार सोडण्यात आली. तिची जाडी १.४ मिलिमीटर होती, म्हणजे सायकलच्या आरीहूनही कमी. तिच्या टोकाला शिशाने भरलेला २८ किलोचा पितळी गोळा आणि गोळ्याखाली एक टोकदार काटा होता. खाली अंशांच्या खुणा केलेले मोठे वर्तुळाकार मेज, त्याच्या दोन समोरासमोरच्या कडांवर ओल्या वाळूचे लहानसे बांध, आणि लोक फार जवळ येऊ नयेत म्हणून भोवताली कठडा. सारी यंत्रसामग्री ग्युस्ताव फ्रोमाँ या कुशल कारागिराने घडवली होती. प्रयोगाचे वर्णन करणाऱ्या लेखांत त्याचे नाव बहुधा एका ओळीत उरकले जाते. पण तार वरच्या टोकाला कशी धरली आहे, यावर सारा खेळ अवलंबून होता. पकड एका बाजूला थोडी जास्त आणि दुसऱ्या बाजूला थोडी कमी लवचीक असेल, तर लंबक पृथ्वीचे न ऐकता पकडीचे ऐकतो.

प्रयोगाची सुरुवात जवळून पाहण्यासारखी आहे. गोळा एका बाजूला तीन मीटर ओढून घ्यायचा आणि सुती दोऱ्याने बांधून ठेवायचा. मग थांबायचे. गोळ्याची बारीकशी थरथर पूर्णपणे थांबेपर्यंत काहीही करायचे नाही. त्यानंतर दोऱ्याला काडी लावायची. दोरा कापला तर कातरीचा नकळत धक्का बसतो, आणि हाताने सोडला तर बोटांचा. जळणारा दोरा मात्र कोणत्याही बाजूला ढकलत नाही. तो आपसूक तुटतो आणि २८ किलोचा गोळा आवाज न करता निघतो. सुमारे आठ सेकंदांनी तो मेजाच्या पलीकडच्या कडेला पोहोचतो, तेथील वाळूच्या बांधाला काट्याने एक चीर पाडतो आणि परततो. एका पूर्ण आंदोलनाला साडेसोळा सेकंदांच्या आसपास वेळ लागतो.

दुसऱ्या फेरीत काटा त्याच चिरेतून जात नाही. तो अडीच मिलिमीटर बाजूला जातो. तिसऱ्या फेरीत आणखी तितकाच. मिनिटभरात वाळूचा बांध एका बाजूने पोखरला जात असल्याचे कोणालाही दिसू लागते. पाच मिनिटांत एक अंश, तासाला ११ अंशांहून थोडे अधिक. गोळा आपल्या जागी शांतपणे झुलत असतो. कोणी त्याला हात लावत नाही, कोणी बोलत नाही, आणि तरीही वाळू ढासळत राहते.

माझ्या मते या प्रयोगातील सर्वांत चतुर वस्तू वाळू आहे. गोळ्याचे प्रतल, म्हणजे तो ज्या उभ्या पातळीत झुलतो ती, वळताना डोळ्यांना दिसत नाही, कारण वळण फार संथ आहे. वाळू त्या संथपणाचे रूपांतर टप्प्याटप्प्याच्या घटनांत करते. दर साडेसोळा सेकंदांनी काहीतरी घडते, आणि मधल्या वेळात पाहणारा आता काटा कोठे लागेल याचा मनात अंदाज बांधतो. अंदाज खरा ठरला की तो आपोआपच पुढच्या फेरीला थांबतो. शिवाय पडलेली वाळू हा लेखी पुरावा असतो. उशिरा आलेल्या माणसालाही मागच्या अर्ध्या तासात काय झाले ते मेजावर वाचता येते. आजकालच्या विज्ञानमेळ्यांत धूर, ठिणग्या आणि मोठा आवाज यांची जी रेलचेल असते, तिच्यात ही सोय नसते; स्फोट चुकला की संपला.

६७ मीटर कशासाठी

लांब तार केवळ दिमाखासाठी होती, असा समज होणे स्वाभाविक आहे. दिमाख होताच. पण लांबीचे खरे कारण वेगळे आहे आणि ते प्रेक्षकांना कधीच सांगितले जात नाही.

लंबकाचा झोका अगदी सरळ रेषेत असला पाहिजे. तो जरासा फुगला, म्हणजे गोळा सरळ न जाता बारीकशा लंबवर्तुळात फिरू लागला, की ते लंबवर्तुळ स्वतःच हळूहळू वळायला लागते. त्याचा पृथ्वीशी काही संबंध नसतो. पृथ्वी फिरतच नसती, नुसता गुरुत्वाकर्षणाचा ओढा असता, तरी ते वळले असते. आणि हे खोटे वळण पृथ्वीच्या खऱ्या वळणाच्या दिशेने होईल की उलट, हे गोळा कोणत्या बाजूने फुगला यावर ठरते. प्रयोग करणाऱ्याला वाटते की पृथ्वी फिरली. प्रत्यक्षात त्याचा हात हललेला असतो.

या खोट्या वळणाचा वेग झोक्याची लांबी आणि फुगवट्याची रुंदी यांच्या गुणाकाराच्या पटीत वाढतो आणि तारेच्या लांबीच्या वर्गाच्या पटीत घटतो (वर आंदोलनाच्या वेगाचाही त्यात वाटा असतो, आणि लांब तारेचे आंदोलन सावकाश असते). आकडे घालून पाहिले की फरक थक्क करतो. दोन मीटरच्या तारेवर मध्यापासून २० सेंटिमीटरचा झोका दिला आहे असे समजू. गोळा मध्यातून जाताना बाजूला केवळ सव्वा मिलिमीटर फुगला, तरी खोटे वळण पॅरिसमधील खऱ्या वळणाइतके होते. पँथिऑनच्या ६७ मीटरच्या तारेवर तीन मीटरच्या झोक्यात तेवढेच खोटे वळण निर्माण व्हायला फुगवटा अर्धा मीटरहून अधिक व्हावा लागेल, आणि तेवढा फुगवटा कठड्याबाहेर उभ्या असलेल्या पोराच्याही लक्षात येईल.

म्हणजे तळघरात मध्यरात्री श्वास रोखून जे जमले, ते घुमटाखाली शेकडो लोकांच्या पायरवात, दारे उघडी असताना, निर्धास्तपणे दाखवता आले. जड गोळ्याचाही उपयोग तसाच होता. हवेचा रोध त्याला चटकन थांबवू शकत नाही आणि झोका काही तास टिकतो. भव्यता आणि अचूकता या प्रयोगात एकाच गोष्टीतून आल्या. असा योग क्वचित येतो. बहुतेक जाहीर प्रयोगांत प्रमाण मोठे केले की अचूकता जाते, आणि मग सूत्रधाराला बोलण्याने ती पोकळी भरावी लागते.

बत्तीस तासांचे कोडे

प्रेक्षकाला एवढे कळले, की लंबक आपली दिशा धरून आहे आणि त्याच्याखालची जमीन फिरते आहे. मग त्याने साहजिकच हिशेब केला, की पृथ्वीला एका फेरीला एक दिवस लागतो, तेव्हा लंबकाचे प्रतलही एका दिवसात पूर्ण फिरले पाहिजे. पॅरिसमध्ये मात्र त्याला जवळजवळ ३२ तास लागतात. हे जास्तीचे आठ तास कोठून आले?

या प्रश्नाचे उत्तर फूकोच्या पहिल्याच निवेदनात सूत्ररूपाने होते. पृथ्वीचा वेग तासाला १५ अंश. त्याला त्या ठिकाणच्या अक्षांशाच्या ज्येने, म्हणजे साइनने, गुणायचे. पॅरिसचा अक्षांश ४९ अंशांना किंचित कमी, त्याची ज्या ०.७५, म्हणून तासाला ११.३ अंश. गणितज्ञांनी पुढच्या काही आठवड्यांत याच्या सिद्धता दिल्या. त्यांना हे आपल्याला आधी सुचले नाही याची चुटपुट लागली असावी असे वाटते, कारण प्रयोग ज्याने केला त्याला अकादमीचे सदस्यत्व मिळायला १८६५ साल उजाडले.

सामान्य माणसासाठी ही ज्या समजावणे सोपे नव्हते, आणि कठड्याभोवतीच्या गर्दीत ते जमले असेल असे मला वाटत नाही. तरी ते अशक्य नाही. घरातले दगडी जाते डोळ्यांसमोर आणावे. वरच्या तळीच्या मधोमध, खुंटाळीजवळ बसलेली मुंगी जाते एकदा फिरले की स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी घेते. ही झाली ध्रुवावरची स्थिती. तेथे लंबकाचे प्रतल खरोखरच एका दिवसात पूर्ण फिरते. आता तळीच्या उभ्या कडेला, डोके बाहेरच्या बाजूला ठेवून चिकटलेली मुंगी घ्यावी. जाते फिरताना तीही वाहून नेली जाते, पण तिच्या पायापासून डोक्याकडे जाणाऱ्या रेषेभोवती ती मुळीच फिरत नाही. ही विषुववृत्तावरची स्थिती. तेथे लंबक वळतच नाही. आपण सारे या दोन मुंग्यांच्या मध्ये कोठेतरी आहोत, आणि पायाखालच्या जमिनीच्या वाट्याला पृथ्वीच्या गिरकीचा किती भाग येतो, ते अक्षांश ठरवतो.

यातून एक गोष्ट निघते, जी प्रयोग पाहून लोकांनी स्वतःशी घोळवलेल्या समजाशी जुळत नाही. लंबकाचे प्रतल ताऱ्यांच्या संदर्भात स्थिर राहते, हे फक्त ध्रुवावर खरे आहे. पॅरिसमध्ये ते ताऱ्यांच्या संदर्भातही सरकते. पुष्कळ लोकप्रिय लेखांत आजही ध्रुवावरचे स्पष्टीकरण देऊन पॅरिसचे चित्र छापतात. फूकोने जनतेसमोर परिणाम दाखवला आणि स्पष्टीकरणाचा सोपा, अर्धवट खरा भाग तेवढा पोहोचू दिला. निवड म्हणून ती मला रास्त वाटते, पण तिची किंमत मोजावी लागली हे नाकारता येत नाही.

आपल्याकडच्या माणसाला हा प्रश्न अधिकच जाचतो, कारण आपण विषुववृत्ताच्या बऱ्याच जवळ आहोत. पुण्याचा अक्षांश साडेअठरा अंश, ज्या ०.३२, म्हणून येथे लंबक तासाला पावणेपाच अंशच वळतो आणि पूर्ण फेरीला त्याला ७५ तास लागतात. पणजीत तासाला चार अंश आणि फेरीला जवळपास ९० तास. दिल्लीत नव्या संसद भवनात २०२३ पासून २२ मीटर उंचीवरून ३६ किलोचा लंबक टांगलेला आहे. तेथे एक फेरी ५० तासांना काही सेकंद कमी असताना पुरी होते. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या वास्तूतही असा लंबक आहे. पॅरिसच्या प्रेक्षकाला एक अंशाचा फरक पाहायला पाच मिनिटे उभे राहावे लागे; पुण्याच्या प्रेक्षकाला साडेबारा मिनिटे. पाहुण्यांना घाई असते. ते लंबकाकडे अर्धा मिनिट बघतात, छायाचित्र काढतात आणि झुलणारा गोळा पाहिल्याच्या समाधानात पुढे जातात. पृथ्वी फिरताना त्यांनी पाहिलेली नसते.

पुढे

प्रयोगाची लागण झपाट्याने झाली. त्याच वर्षी रँसच्या कॅथीड्रलमध्ये आणि लंडनमध्ये लंबक टांगले गेले, पुढच्या वर्षी कोलोनच्या कॅथीड्रलमध्ये. उंच छताची जी इमारत मिळेल तिच्यात तार सोडायची, असा तो काळ होता, आणि उंच छते बहुधा चर्चची असल्याने, ज्या मताने कोपर्निकसचे पुस्तक दोन शतके निषिद्ध यादीत ठेवले होते त्याच्याच छताखाली पृथ्वी फिरू लागली. पँथिऑनमधील प्रयोग मात्र वर्षही टिकला नाही. डिसेंबर १८५१ मध्ये लुई-नेपोलियनने सत्ता बळकावली आणि त्याच आठवड्यात ती वास्तू पुन्हा उपासनेसाठी चर्चकडे सोपवली. ज्याच्या हुकमाने लंबक टांगला गेला, त्याच्याच हुकमाने तो उतरला.

१८५५ च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनासाठी फूकोने लंबकाखाली विद्युतचुंबक बसवून झोका मंदावू नये अशी योजना केली. त्यामुळे प्रयोग दिवसभर चालू ठेवता आला आणि दोरा जाळण्याचा क्षण मात्र गेला. आजच्या संग्रहालयांतील बहुतेक लंबक या दुसऱ्या वंशातले आहेत. सोय म्हणून ते उत्तम. पण प्रेक्षकाला सुरुवात दिसत नाही, आणि ज्याची सुरुवात पाहिलेली नाही त्यात किती बदल झाला हे त्याला कसे कळावे? १९०२ साली खगोलशास्त्रज्ञ कामिल फ्लामारियों यांनी पँथिऑनमध्ये प्रयोग पुन्हा करवला आणि १९९५ पासून तेथे प्रतिकृती आहे. मूळ गोळ्यांपैकी एक पॅरिसच्या कला व शिल्प संग्रहालयात झुलत असे. एप्रिल २०१० मध्ये त्याची तार तुटली आणि गोळा फरशीवर पडून कायमचा चेपला.

एका जिन्यातली नोंद

काही वर्षांपूर्वी पुणे जिल्ह्यातील एका तीन मजली शाळेच्या जिन्याच्या पोकळीत आम्ही हा प्रयोग विज्ञानदिनानिमित्त केला. नऊ मीटर पोलादी तार आणि क्रीडाविभागातून मागून आणलेला गोळाफेकीचा सव्वासात किलोचा लोखंडी गोळा. वरच्या कठड्याला पंख्याचा हूक होता, त्यालाच तार अडकवली. पहिल्या दिवशी लंबक वीस मिनिटांत मोठ्या ऐटीत वळला, पण उलट्या दिशेने. जमलेल्या पालकांना ते कळले नाही आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही त्या वेळी काही बोललो नाही, हे येथे नोंदवले पाहिजे. हूक एका अंगाला सैल होता आणि गोळा वाटोळा फिरू लागला होता. नऊ मीटरच्या तारेवर अर्ध्या मीटरच्या झोक्यात साडेनऊ मिलिमीटरचा फुगवटा पुण्याच्या अक्षांशावरचे सारे खरे वळण पुसून टाकायला पुरतो. आमचा फुगवटा डोळ्यांना दिसत होता.

दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या लेथवाल्याकडून तार चारी बाजूंनी सारखी धरणारी, भोक पाडलेली पितळी गुटी बनवून घेतली आणि ती आडव्या लोखंडी अँगलमध्ये आवळली. गोळा दोऱ्याने बांधून दहा मिनिटे नुसता ठेवला. आठवीतल्या एका मुलीने जिन्याच्या खिडक्या बंद करायला लावल्या, कारण वाऱ्याने गोळा वळतो आहे असे तिचे ठाम मत होते. मग उदबत्तीने दोरा जाळला. फरशीवर खडूने मूळ रेषा आखलेली होती. पस्तीस मिनिटांच्या तासिकेच्या अखेरीस गोळ्याची नवी वाट खडूने आखून कंपासपेटीतल्या कोनमापकाने कोन मोजला, तो तीन अंशांच्या आसपास आला. हिशेबाने तो पावणेतीनच्या थोडा वर यायला हवा होता, आणि अशा मोजणीत अर्धाएक अंश इकडचा तिकडे धरावाच लागतो. दिशा या वेळी बरोबर होती. त्या मुलीने मग खिडक्या उघडून सारे पुन्हा करायला सांगितले, वारा लागल्यावर काय होते ते पाहायचे म्हणून, आणि पुढची तासिका भूगोलाची होती ती बुडाली.